नव्या संगणकाचा मेळ

व्यापारी घरात संगणक शिरला तो बहुधा दुकानाच्या वाटेने. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला, आणि तोवर लाल कापडी बांधणीच्या वह्यांवर निभावून नेणाऱ्या पेढ्यांच्या गादीशेजारीही पडदा आणि कळफलक येऊन बसला. घरातील संगणक त्यानंतर आला. मुलांच्या अभ्यासाचे निमित्त झाले आणि संध्याकाळी पेढीचे उरलेले कामही त्यावर होऊ लागले. दुकानातील यंत्र बिघडले तर माणूस बोलावला जातो, तो दुरुस्त करतो, पैसे घेऊन जातो. घरातील यंत्र बिघडले की प्रथम बाहेर पडतात ती घरातल्या प्रत्येकाची मते.

सांगलीतील एका हळद व्यापारी कुटुंबात पाडव्याला नवा संगणक आला. तयार पेटीतला नव्हे. त्याच गल्लीत नुकतेच दुकान थाटलेल्या एका तरुणाने सुटे भाग जुळवून तो उभा केला होता. ठरलेल्या रकमेपैकी आठ हजार रुपये महिनाअखेर द्यायचे होते. नातीचा सीएचा अभ्यास आणि धाकट्या सुनेच्या हाती असलेले वर्षअखेरीचे हिशेब, अशी त्याची दोन कामे. चौथ्या दिवशी संध्याकाळी खतावणी तपासता तपासता पडदा एकाएकी निळा झाला, इंग्रजीत चार ओळी उमटल्या आणि यंत्र आपले आपणच पुन्हा सुरू झाले. त्या रात्री दोनदा, दुसऱ्या दिवशी तीनदा असेच घडले.

घरातील थोरल्यांना सारे अण्णा म्हणतात. त्यांचे मत तत्काळ ठरले: “पोराने जुना माल नव्या डब्यात घालून दिला.” मुलाला व्हायरसचा संशय आला. शेजारच्यांनी विजेच्या कमीजास्त दाबाकडे बोट दाखवले. कुणाच्या तरी ओळखीचा एक जण आला आणि त्याने काही न पाहताच विंडोज नव्याने टाकून दिली. एक दिवस गेला, पाचशे रुपये गेले आणि निळा पडदा रात्री पुन्हा हजर. हा उपाय आपल्याकडे फार लोकप्रिय आहे, परंतु बेरीज जुळत नाही म्हणून वही फाडून नवी वही घालण्यासारखाच तो आहे. चूक वहीत नसेल, तर नव्या वहीतही ती येणारच.

दोन दिवसांनी प्रकरण गंभीर झाले. हिशेबाच्या सॉफ्टवेअरने त्या वर्षाची फाईल उघडण्यासच नकार दिला. सुदैवाने पेनड्राईव्हवर दोन दिवसांपूर्वीची प्रत होती. मधल्या नोंदी कच्च्या पावत्यांवरून पुन्हा कराव्या लागल्या. समोर २० तारीख होती, त्या दिवसापर्यंत मार्चचे थ्री-बी विवरण भरायचे. उशीर झाला तर दिवसाला पन्नास रुपये विलंबशुल्क आणि थकलेल्या करावर सालीना अठरा टक्के व्याज. रक्कम सोसण्याजोगी असेलही. पण ज्या पेढीने आजवर एकही तारीख चुकवली नव्हती, तिला ती चुकवणे सोसण्याजोगे नव्हते. अण्णांनी निर्णय सांगून टाकला: संगणक परत, आठ हजार द्यायचे नाहीत, आणि यार्डात चार लोकांच्या कानावरही घालायचे.

सून म्हणाली, “अण्णा, मला आठ दिवस द्या. तोवर त्याला काही बोलू नका. मेळ बसत नाही म्हणून आपण लगेच मुनीमजींवर आळ घेतो का?”

बोलणे नेमक्या ठिकाणी लागले. त्या घरातील जुन्या मुनीमजींची रीत घरात सर्वांना पाठ होती. तेरीज जुळली नाही की ते फरकाची रक्कम प्रथम नऊने भागून पाहत. पूर्ण भाग गेला तर आकड्यांची अदलाबदल झाली असण्याचा संभव. मग फरक निम्मा करून ती रक्कम शोधत. जमेची रक्कम नावे पडली असेल तर फरक दुप्पट दिसतो. तरीही सापडले नाही तर एका वेळी एकच पान, खूण करीत करीत. दोन ठिकाणी एकदम दुरुस्ती करायची नाही, कारण मग मेळ कशाने बसला हे कळत नाही.

संगणकाच्या बिघाडाची रीतही याहून वेगळी नाही. सुनेने एक वही घातली: तारीख, वेळ, त्या क्षणी काय चालू होते, पडद्यावर कोणते शब्द आले. विंडोजमध्ये ‘रिलायबिलिटी मॉनिटर’ नावाची सोय असते. ती दिवसवार तक्ता दाखवते आणि ज्या दिवशी काही कोसळले तिथे लाल फुली मारते. हाताने ठेवलेल्या नोंदी त्याच्याशी ताडून पाहता येतात. ‘इव्हेंट व्ह्यूअर’मध्ये प्रत्येक वेळी ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद सापडत होती आणि ती पाहून मुलाने वीजपुरवठ्याचा दोष पक्का केला. वस्तुतः त्या नोंदीचा अर्थ एवढाच की, यंत्र रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झाले. का, ते ती सांगत नाही. दुकानाचे शटर उघडे सापडले, एवढीच ती वर्दी. कुलूप कुणी काढले याचा पत्ता तिच्यात नाही.

आठवडाभरात नऊ नोंदी झाल्या आणि त्यांतून एक गोष्ट वर आली. पडद्यावरचे शब्द दर वेळी निराळे होते. कधी ‘मेमरी मॅनेजमेंट’, कधी ‘पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया’, कधी ‘आयआरक्यूएल नॉट लेस ऑर ईक्वल’. वेळ ठरलेली नाही, कामही ठरलेले नाही. एखादा ड्रायव्हर सदोष असेल तर बहुधा तेच नाव पुन्हा पुन्हा येते. आरोप रोज बदलत असेल तर संशय सर्वांना लागणाऱ्या सामाईक जागेवर, म्हणजे बहुतेकदा रॅमवर, जातो. प्रत्येक कार्यक्रमाचे चालू काम तिथेच मांडलेले असते. तिथला एक आकडा हलला तर त्या क्षणी ज्याची पाळी असेल तो कोसळतो आणि नाव त्याचे लागते.

पडद्यावरील संदेशावर किती विसंबावे याचा मोठा दाखला २०२४ साली जगाने पाहिला. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतील काही डेस्कटॉप प्रोसेसरांवर खेळ कोसळत आणि संदेश येई तो ग्राफिक्स कार्डाची मेमरी अपुरी असल्याचा. लोकांनी ग्राफिक्स कार्डांना दोष दिला, रॅम बदलून पाहिली. प्रोसेसर गरजेपेक्षा अधिक व्होल्टेज मागतो, असे कंपनीने त्या जुलैत मान्य केले, ऑगस्टपासून मायक्रोकोडच्या सुधारणा दिल्या आणि त्या प्रोसेसरांची हमी दोन वर्षांनी वाढवली. ज्याच्या दारात रक्त सांडले तोच मारेकरी, असे मानण्याची घाई माणसांप्रमाणे यंत्रांच्या बाबतीतही अंगाशी येते.

सांगलीच्या घरी मुनीमजींच्या रीतीने एकेक पान तपासले गेले. काम करताना प्रोसेसरचे तापमान साठ अंशांच्या आसपास, पंखा ठीक. दुसऱ्या खोलीतील, अर्थिंग तपासलेल्या सॉकेटवर यंत्र लावले, तरी दोन दिवसांत दोनदा पडदा निळा झाला. उष्णता आणि घरातील वायरिंग अशी दोन पाने उलटली. मग सुनेने मेमटेस्ट८६ हा कार्यक्रम पेनड्राईव्हवर घेतला. तो विंडोज सुरू होण्यापूर्वीच चालतो आणि रॅममध्ये ठराविक आकडे लिहून ते तसेच परत मिळतात का हे पाहतो. विंडोजमध्येही अशी एक तपासणी असते, पण ती लवकर उरकते आणि पुष्कळदा दोष तिच्या हातून निसटतो. घरातील सर्वांची जेवणे सूर्यास्तापूर्वी आटोपली होती. संगणक रात्रभर मोकळा होता. सकाळी पडद्यावर लाल ओळी होत्या.

“सापडला चोर!” अण्णा म्हणाले. सुनेने मान हलवली. रॅमच्या पट्ट्या दोन होत्या, आठ-आठ जीबीच्या. तिने वायर काढली, बटण काही सेकंद दाबून धरून उरलेली वीज जाऊ दिली, पेटीच्या धातूला हात लावून अंगावरील स्थिर वीज उतरवली आणि एक पट्टी काढली. पहिली एकटी: रात्रभर एकही चूक नाही. दुसरी एकटी, त्याच खाचेत: एकही चूक नाही. खाच बदलली, तरी नाही. दोन्ही एकत्र लावल्या की तासाभरात लाल ओळी.

या ठिकाणी पुष्कळजण थकतात आणि सबंध यंत्र परत करतात. पट्ट्या नीट पाहिल्यावर कळले की दोन्ही वेगवेगळ्या कंपन्यांच्या आहेत. दोहोंवर ३२०० असा वेग छापलेला. परंतु तो आपोआप मिळणारा वेग नव्हे. बायोसमध्ये ‘एक्सएमपी’ नावाची कळ चालू केली की पट्टी त्या वाढीव वेगाने आणि अधिक व्होल्टेजवर धावू लागते, एरवी ती आपल्या मूळच्या, कमी वेगाने चालते. एकट्या पट्टीला तो वेग झेपत होता. दोन निरनिराळ्या घडणीच्या पट्ट्यांना तोच वेग आणि तेच वेळापत्रक एकत्र सांभाळता येत नव्हते. सुनेने कळ बंद केली; दोन्ही पट्ट्या २६६६ वर आल्या आणि रात्रभर एकही लाल ओळ उमटली नाही. म्हणून कारखान्यात एकत्र तपासून एकाच पाकिटात विकलेल्या जोडपट्ट्या घ्याव्या, असे जाणकार सांगतात. बोर्डावर चार खाचा असतील तर त्या जोडीसाठी बहुधा प्रोसेसरपासून दुसरी आणि चौथी खाच नेमलेली असते. बोर्डाच्या पुस्तिकेत ते छापलेले असते आणि ती पुस्तिका सहसा कुणी उघडत नाही.

विक्रेत्या तरुणाला घरी बोलावले. वही त्याच्यापुढे ठेवली. पाने चाळताना त्याचा चेहरा उतरत गेला.

“काका, त्या दिवशी एकच पट्टी शिल्लक होती. पाडव्याला द्यायचा शब्द दिला होता म्हणून दुसरी दुसऱ्या कंपनीची घातली. माल नवाच आहे, दोन्हीची हमी आहे. पण वहिनी, रात्रभर चालवून बघायला हवं होतं मी.”

“बिलात १६ जीबी एवढंच लिहिलंस,” अण्णा म्हणाले. “दोन लॉटची हळद एका पोत्यात भरली तर आम्ही घेणाऱ्याला सांगतो. मिसळणं गुन्हा नाही रे बाळा. न सांगणं वाईट.”

अण्णांचे हे म्हणणे सर्वस्वी रास्त होते. तितकेच रास्त हेही होते की, आठ दिवसांपूर्वी ते यार्डात जे बोलणार होते ते खोटे ठरले असते, आणि वर्षभराच्या कोवळ्या दुकानावरचा तो डाग नंतर कितीही पुसला तरी गेला नसता. जुना माल नव्या डब्यात कुणी घातला नव्हता.

एक काम अजून बाकी होते, आणि संगणक सुरळीत चालू लागला की नेमके तेच विसरले जाते. सदोष मेमरी यंत्र पाडते तेव्हा निदान कळते. न पाडता एखादा आकडा बदलून तो फाईलमध्ये लिहिला गेला तर कळत नाही. म्हणून पाडव्यापासूनची प्रत्येक नोंद अण्णांच्या हातच्या रोकडवहीशी ताडून पाहण्यात आली. त्या वहीबद्दल घरातली तरुण मंडळी एरवी त्यांची थट्टा करीत. दोन दुपारी त्यात गेल्या. फरक एकच निघाला, २७०० रुपयांचा. अण्णांनी तो मनातच नऊने भागला आणि हसले. मुलाने हमालीचे ३६०० हे ६३०० असे टंकले होते. यंत्राचा त्यात काही दोष नव्हता.

विवरण १९ तारखेला भरले गेले. तरुणाने जोडपट्ट्या आणून बसवल्या, पुन्हा रात्रभर तपासणी चालवली आणि आठ हजार रुपये घेऊन गेला. नव्या बिलावर त्याने प्रत्येक पट्टीची कंपनी आणि क्रमांक वेगवेगळ्या ओळींत लिहिले होते. सुनेची वही अजून संगणकाशेजारीच असते. तिच्यातील शेवटची नोंद अण्णांच्या अक्षरात आहे: दुपारी ३ वाजून १० मिनिटे, यंत्र बंद, कारण गल्लीतील वीज गेली.