छाटणीचा दिवस

आमच्या निफाड तालुक्यात द्राक्षबागाइतदाराला आज तारीख काय म्हणून विचारले, तर तो क्षणभर अडखळेल. पण बागेचा कितवा दिवस आहे, हे झोपेतही सांगेल. गोडी छाटणीचा दिवस शून्य. आठ-बारा दिवसांत डोळे फुटतात, पस्तीस-चाळिसाव्या दिवशी फुलोरा, नि चार-साडेचार महिन्यांनी माल तयार. प्रत्येक बागेचे पंचांग निराळे. व्यापाऱ्याचे वर्ष नाही का, गुढीपाडवा सोडून दिवाळीच्या पाडव्याला सुरू होते!

अण्णा मात्र टिपणवही लिहीत ती तारीखवार. एकाच पानावर डावीकडे दादाची बाग, उजवीकडे माझी. त्याच वहीने आम्हा भावांत अढी घातली.

२००९ सालची गोष्ट. ११ नोव्हेंबरला फयान वादळ किनाऱ्यावर आले नि नाशिककडे अवकाळी पाऊस कोसळला. दादाची बाग डावणीने गेली, घड कुजून गळाले. माझी मात्र वाचली. अण्णांनी वही उघडून बोट ठेवले : १६ ते २० ऑक्टोबर, ऐन दिवाळीत, दादाची एकही फवारणी नाही. "सण साजरा केला, बाग घालवली," ते म्हणाले. दादा एक अक्षर बोलला नाही. मी शहाणा ठरलो, आणि खोटे कशाला सांगू, ते मला आवडलेही.

अण्णा गेल्यावर यंदा माळा आवरताना ती वही हाती लागली. सहज म्हणून दोन्ही बागांच्या नोंदी कागदाच्या पट्ट्यांवर उतरवल्या आणि तारखा सोडून दोन्ही छाटण्या एकाखाली एक धरल्या. दादाची ५ ऑक्टोबरची, माझी २२ ची. पट्टी सरकली मात्र, नि माझ्या पोटात कालवले. दादाची ती दिवाळीतली खाडी बागेचा अकरावा ते पंधरावा दिवस होती. माझ्याही पट्टीत त्याच दिवसांवर खाडी! तेव्हा कोवळी फूट. फवारायला पान ते केवढे? पुढच्या फवारण्याही दिवसाला दिवस जुळत होत्या. फरक एकच : पाऊस आला तेव्हा माझ्या बागेचा विसावा दिवस होता, दादाच्या बागेचा सदतिसावा. आणि माझी छाटणी उशिरा का, तर भाऊबीज आटोपल्याशिवाय मी गावी आलोच नव्हतो!

पट्ट्या घेऊन दादाकडे गेलो. त्याने चष्मा लावला, बोटाने दिवस मोजले.

"सदतिसावा," तो म्हणाला. "म्हणजे फुलोऱ्यातच गाठलं."

"अण्णांना दाखवायला हवं होतं, दादा."

त्याने पट्ट्यांची नीट घडी घालून खिशात ठेवली. आत वळून वहिनीला चहा टाकायला सांगितले आणि मला विचारले, "यंदा छाटणी कधी धरतोस?"