दुखणं गुडघ्यात, दोष खुब्यात

आम्ही दोघंही शिक्षक. मुलांची निमित्तं आम्हाला लगेच ओळखता येतात, असा आमचा समज. त्यामुळे आमचा 12 वर्षांचा थोरला ‘अम्मी, उजवा गुडघा दुखतो’ म्हणू लागला, तेव्हा आम्ही ते मनावर घेतलं नाही. अंगानं भरलेला, खेळाचा कंटाळा असलेला मुलगा. कवायतीच्या तासाला गुडघा दुखायचा, संध्याकाळी मक्तबला निघतानाही दुखायचा. बसून बसून दुखतो, असं ठरवून आम्ही त्याला रोज मैदानाच्या दोन फेऱ्या मारायला लावल्या. रात्री बाम चोळला, गुडघ्याला पट्टा आणला. जवळच्या दवाखान्यात गुडघ्याचा एक्सरे काढला, तो स्वच्छ आला. मग तर आमची खात्रीच झाली. असे तीन महिने गेले.

लक्षात आलं ते दादीच्या. एका संध्याकाळी मगरिबनंतर त्या आम्हाला म्हणाल्या, “तुम्ही दोघं दुनियेची पोरं सांभाळता. जरा याच्याकडे बघा. अत्तहियातला बसताना उजवा गुडघा बाहेर टाकतो. चालतानाही पंजा बाहेर पडतो.”

दुसऱ्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी त्याला निजवलं आणि गुडघ्याऐवजी खुबा तपासला. पाय पोटाकडे वाकवला, तर तो सरळ वर न येता आपोआप बाहेर वळला. “जांघेत दुखतं का रे?” त्यांनी विचारलं. पोरानं मांडीवर हात ठेवला. आमच्या घरात उर्दू बोलली जाते, आणि तिथे जांघ म्हणजे मांडी. मराठीतली जांघ पाय पोटाला मिळतो तिथली, हे आम्ही त्याला समजावलं. “तिथंही थोडं दुखतं,” तो म्हणाला. इतके दिवस त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

दोन्ही खुब्यांचा एक्सरे निघाला, तेव्हा उलगडा झाला. खुबा हा उखळीचा सांधा आणि गुडघा बिजागरीचा, हे आम्ही वर्गात कितीदा शिकवलं आहे. मांडीच्या हाडाचा गोळा कमरेच्या हाडाच्या उखळीत बसतो. वाढत्या वयात हा गोळा आणि त्याखालची हाडाची मान यांच्यामध्ये कूर्चेची एक पट्टी असते, तिथून हाड वाढतं. आमच्या मुलाचा गोळा त्या पट्टीवरून सरकला होता. हा आजार साधारण 10 ते 16 या वयात होतो, मुलींपेक्षा मुलांत जास्त, आणि वजन जास्त असलेल्यांत अधिक. त्यासाठी पडावं लागतंच असं नाही.

मग दुखत होतं गुडघ्यात, ते कसं? कमरेच्या दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या मणक्यापाशी निघणाऱ्या नसा खुब्याला फांदी देतात आणि मांडीतून गुडघ्यापर्यंत जातात. दोन्ही सांध्यांची खबर एकाच वाटेनं वर जाते, म्हणून मेंदू ठिकाण चुकतो. मुलगा खोटं बोलत नव्हता.

डॉक्टरांनी त्याला पाय जमिनीवर टेकू दिला नाही. चाकाच्या खुर्चीवरूनच भरती केलं आणि दुसऱ्या दिवशी छोट्या छेदातून एक स्क्रू बसवला. गोळा एकदम जास्त सरकला असता तर त्याचा रक्तपुरवठा तुटून हाड मरू शकलं असतं. हे ऐकताना आम्हाला मैदानाच्या त्या फेऱ्या आठवल्या.

खेळताना पाय मुरगळला, गुडघा सुजला, अडकू लागला किंवा चालताना दगा देऊ लागला, तर दुखापत बहुधा गुडघ्याचीच असते. आतल्या गादीची किंवा अस्थिबंधाची. घरातलं वयस्कर माणूस पडलं, पाय आखूड दिसला आणि बाहेर वळला, तर बहुधा खुब्याजवळचं हाड मोडलेलं असतं. त्यांना उभं करून पाहू नका. आणि मूल गुडघा दुखतो म्हणत लंगडत असेल, गुडघा स्वच्छ निघाला असेल, तर खुबा तपासायला सांगा.

अल्हम्दुलिल्लाह, मुलगा आता चालतो. दुसऱ्या खुब्यावर अजून लक्ष ठेवावं लागतं. नमाजमध्ये उजवा पाय जमेल तसा ठेवतो. आजाऱ्याला दीननं ती सवलत दिलीच आहे. शाळेत कुणी पाय दुखतो म्हणालं, की आम्ही आता आधी त्याला चार पावलं चालून दाखवायला सांगतो.