किलोच्या भावाने गेलेली वही

वाचनालयाच्या नूतनीकरणात आमच्या मंडळाचं कपाट कोणालाही न विचारता रद्दीत काढलं गेलं. ही गोष्ट मला आजही सहन होत नाही.

प्राचीन इतिहासाची ओढ असलेल्या माणसांचं आमचं मंडळ. कोणी बँकेतले, कोणी शिक्षिका, एकजण घड्याळं दुरुस्त करणारे. महिन्यातून एकदा वाचनालयाच्या वरच्या खोलीत बैठक आणि पावसाळा सरला की लेणी. पुढे माणसं थकली, काही गेली. करोनात बैठका बंद पडल्या त्या पडल्याच.

शिलालेखाचा ठसा घ्यायचा तर पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. म्हणून आमची माणसं लेखासमोर उभी राहून नुसत्या नजरेने अक्षरं उतरवायची. विजेरीचा झोत बाजूने तिरपा पाडला की बुजलेलं अक्षर उठून दिसतं. एकाने विजेरी धरायची, दुसऱ्याने लिहायचं. बँकेतल्या काकांनी तर नाणेघाटातल्या सातवाहन राणी नागनिकेच्या लेखावर अख्खी वही भरली होती. त्या लेखात यज्ञांची दक्षिणा नोंदवली आहे. गाई, घोडे, हत्ती, कार्षापणं, आणि सगळे आकडे ब्राह्मी अंकांत. काकांनी रकाने पाडून यज्ञागणिक हिशेब मांडला होता. दगड जिथे फुटला आहे तिथे रकाना कोरा. अंदाजाने भरलेला एकही नाही. ही वही किलोच्या भावाने गेली! छापील पुस्तकं, ज्यांच्या प्रती दुसरीकडे सहज मिळतील, ती शिक्का होता म्हणून वाचली. हाताने लिहिलेलं सगळं गेलं. ‘नोंदवहीत त्याची नोंद नव्हती,’ एवढंच उत्तर मिळालं. अहो, कपाटाच्या दारावर आमचा फोन नंबर चिकटवलेला होता. एक फोन करायला किती वेळ लागतो?

मी हे सांगायला काकूंकडे गेले, तर त्या म्हणाल्या, “हे गेल्यावर घरातल्या वह्यासुद्धा मी तिथेच नेऊन दिल्या गं. म्हटलं, तिथे नीट राहतील.” मला पुढे बोलता आलं नाही.

मंडळ पुन्हा सुरू करायचं ठरलं ते या रागातून. जुन्यांपैकी काहींचं म्हणणं पडलं की नव्यांनी आधी वर्षभर नुसतं ऐकावं. मला ते तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. शिकायला आलेल्या माणसाला दारात ताटकळत ठेवलं की तो परत येत नाही. मी स्वतः मात्र म्हणत होते की कागदच नाहीत, तर नव्यांना दाखवणार काय?

मग आम्ही कार्ल्याला गेलो. एकवीरा देवीच्या दर्शनाची गर्दी होती. चैत्यगृहातल्या खांबांवर दानलेख आहेत, धेनुकाकट गावच्या यवनांनी खांब दान केल्याचे. बारावीतली एक मुलगी आदल्याच आठवड्यात ब्राह्मीची मुळाक्षरं शिकली होती. ती खांबाशी उभी राहून एकेक अक्षर जुळवत ‘धेनुकाकटा’पर्यंत पोचली आणि मोठ्याने ओरडली. हातात कागद असते, तर मी तिला आधी वाचन दिलं असतं आणि मग खांब दाखवला असता. त्या दिवशी वाटलं, कागद नव्हते तेच बरं. संध्याकाळी घरी आल्यावर पुन्हा काकांचे ते कोरे रकाने आठवले आणि ते बरं वगैरे काही वाटेना. काकांनी उतरवलेली काही अक्षरं आता दगडावरही नीट दिसत नाहीत.

तुमच्या घरी कोणा आजोबांच्या, काकांच्या अशा वह्या असतील, तर आजच प्रत्येक पानाचा फोटो काढा आणि तो दोन वेगळ्या घरी ठेवा. संस्थेला द्यायच्या असतील, तर पोच घेतल्याशिवाय देऊ नका. आणि ब्राह्मी शिकायची असेल, तर खोलीसाठी अडून बसू नका. आम्ही सध्या एका सदस्याच्या गच्चीवर जमतो.