बाटलीतला पाऊस

पावसाळ्यात शाळेला अचानक सुट्टी जाहीर झाली की आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर पहिला मेसेज ठरलेला: "आता या कार्ट्यांचं दिवसभर काय करायचं?" मग त्याखाली उपायांचा पाऊस. कोलाज करा, मातीचे गणपती करा, मुलांना पोळ्या लाटू द्या वगैरे वगैरे. हे सुचवणाऱ्यांची मुलं त्या दिवशी बहुतेक आजोळी असावीत.

तर, २५ जुलै २०२४, गुरुवार. पुण्यात रात्रभर पाऊस कोसळत होता आणि सकाळी कळलं, शाळा बंद. बायकोची बँक चालत पाच मिनिटांवर, त्यामुळे तिला सुट्टी नाही. मी वर्क फ्रॉम होम, म्हणजे कागदोपत्री घरी. त्यातून नेमकं त्याच दिवशी आमचं रिलीज. आमचं कन्यारत्न, वय वर्षं साडेसात, खडू, क्ले आणि दोन पझल्स पाऊण तासात संपवून माझ्या खुर्चीमागे येऊन उभं.

"बाबा, आता काय करू?"

शेवटचं अस्त्र म्हणून टॅब काढला. चार्जिंग बारा टक्के. आणि दहाच मिनिटांत लाईट गेले.

आमच्या लहानपणी असं नव्हतं, असं लिहायचा मोह होतोय. पण खरं सांगायचं तर आम्हीही प्रचंड कंटाळायचो. वाड्यात एक पत्त्यांचा कॅट होता, त्यात चौकटची राणी नव्हती, म्हणून जोकरवर पेनानं 'चौ. रा.' लिहिलेलं. भिकार-सावकार खेळताना तो पत्ता कुणाकडे आहे हे सगळ्यांना मागूनही दिसायचं. मग मारामारी, मग आजीचा धपाटा, मग गेल्या वर्षीच्या वह्या फाडून होड्या. साधी होडी सगळ्यांना यायची, बंबहोडी फक्त मोठ्या ताईला, त्यामुळे तिचा भाव वधारलेला. फरक एवढाच, की आमचा कंटाळा घालवणं हे कुणाच्या बापाचं काम नव्हतं. असो.

रिलीजचा कॉल अकराला होता. हातात तास-दीड तास. रिसायकलिंगच्या पिशवीत कोल्ड्रिंकची दोन लिटरची बाटली दिसली आणि म्हटलं, चल, पाऊस मोजू.

पर्जन्यमापक करायला काही लागत नाही. बाटलीचा वरचा निमुळता भाग जिथे सुरू होतो तिथे कापायचा आणि तोच उलटा करून नरसाळ्यासारखा वर बसवायचा. तळ खाचाखाचांचा असतो, म्हणून आत थोडे खडे टाकायचे, ते बुडतील इतकं पाणी ओतायचं आणि त्या पातळीला शून्य म्हणायचं. त्याच्या वर मिलिमीटरच्या खुणांची कागदाची पट्टी, चिकटपट्टीनं पक्की. झालं.

"पण बादलीच ठेवू ना," कन्यारत्न म्हणालं. रास्त प्रश्न. बादली वर रुंद, खाली अरुंद. वर जेवढा पाऊस पडतो तेवढाच खाली जास्त उंच दिसतो, म्हणजे बादली थापा मारते. बाटली सरळ, त्यामुळे खरं बोलते. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक मीटर लांब, एक मीटर रुंद फरशीवर बरोबर एक लिटर पाणी. हे तिला इतकं आवडलं की तिनं गच्चीच्या फरश्या मोजायला घेतल्या. हवामान खातं चोवीस तासांचा आकडा सकाळी साडेआठला घेतं हेही सांगितलं. झालं, वहीच्या मागच्या पानावर तक्ता आखला गेला आणि रेनकोट घालून दर तासाला गच्चीच्या फेऱ्या सुरू. रिलीज शांतपणे पार पडलं. मी स्वतःवर भलताच खूश होतो. दुपारी दोनला चौदा मिलिमीटर. "पन्नास होऊ दे, पन्नास होऊ दे!" असं ओरडत ती जिना उतरत होती.

साडेतीनला बेल वाजली. दारात आमच्या कामवाल्या मावशी, दोन पिशव्या आणि नऊ वर्षांचा मुलगा. दोघंही (पिशव्या धरून चौघंही) निथळत होते. असं लिहितोय खरं, पण तेव्हा हसू आलं नव्हतं. "दादा, घरात पाणी आलंय. आजची रात्र..." एवढंच म्हणाल्या. नदीकाठी राहतात. मुलाचे बाबा पत्र्यावर चढवलेल्या सामानापाशी थांबले होते.

चहा-बिस्किटं झाल्यावर कन्यारत्नानं पाहुण्याला आपली प्रयोगशाळा दाखवली. "बघ, एकोणीस मिलिमीटर!"

त्यानं बोटानं बाटलीवर एकोणीसची उंची पाहिली. "आमच्याकडे इथपर्यंत आहे," म्हणाला, आणि मांडीला हात लावला.

"कसं काय? पाऊस तर सगळीकडे सारखाच पडला ना? बाबा?"

मग मला बसावं लागलं. कागदावर नदी काढली. वर घाटात शहराच्या कितीतरी पट पाऊस पडतो. टेमघर, वरसगाव, पानशेत, आणि या तिघांच्या खाली खडकवासला. खडकवासला धरण आकारानं लहान, दोन टीएमसीच्या आसपास, लगेच भरतं. भरलं की पाणी मुठेत सोडावंच लागतं. त्या दिवशी पस्तीस हजार क्युसेकच्या वर सोडलं होतं. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण अठ्ठावीस लिटर. गुणाकार पोरांनीच केला, मोबाईलवर. सेकंदाला जवळजवळ दहा लाख लिटर. दहा हजार लिटरचे शंभर टँकर, दर सेकंदाला. कन्यारत्न थक्क. "एक शंभर, दोन शंभर, तीन शंभर..." असं टँकर मोजायला लागली. मुलगा मोजत नव्हता.

"काका, म्हणजे इथला पाऊस थांबला तरी पाणी येणार?"

हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार.

संध्याकाळी दोघं खेळले, म्हणजे त्यानंच खेळवलं. गिट्ट्यांसाठी माझ्या खड्यांतले पाच उचलले, तिला झेलायला शिकवलं. पण दर थोड्या वेळानं तो उठून गच्चीवर जाऊन बाटली बघून यायचा. तिनं विचारलेलं नसताना. रात्री झोपण्यापूर्वीचं रीडिंग सत्तावीस. तेही त्यानंच येऊन सांगितलं, अगदी हळू आवाजात.

सकाळी साडेआठला आम्ही तिघं वर गेलो. नऊ मिलिमीटर.

माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. साठलेलं पाणी रात्रीत कमी होतं कसं? गळती? कापलेल्या कडा पाहिल्या, बाटली दाबून पाहिली, फरशीवर ओल शोधली (पावसाळ्यात! गच्चीवर!). बाष्पीभवन तर शक्यच नाही. मी मोठमोठ्यानं शक्यता मोजत होतो आणि कन्यारत्न चपलेच्या बक्कलशी खेळत होतं.

"नऊच आहे," मुलगा म्हणाला आणि जिन्यानं धावत खाली गेला, आईला सांगायला.

तो गेल्यावर ती म्हणाली, "मी ओतलं. तू दात घासत होतास तेव्हा."

"अगं, पण त्यानं नदीचं पाणी कमी होत नाही."

"माहितीये मला," ती वैतागून म्हणाली. "टँकर मीच मोजले ना."

तक्त्यात साडेआठच्या चौकोनात काय लिहायचं यावर आमचा थोडा वाद झाला. शेवटी तो तिनं कोराच ठेवला. मावशी आणि मुलगा आणखी चार दिवस राहिले. चिखल काढायला मी एक दिवस सुट्टी टाकून गेलो. बाटली अजून गच्चीत आहे. पट्टीवरची शाई उडालीय आणि गिट्ट्यांसाठी उचललेले पाच खडे काही परत आलेले नाहीत.