नवशिक्याचा साप

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितेय. कारणही तसंच आहे. आमच्या घरी साप आलाय! नातेवाइकांपैकी जे हे वाचत असतील त्यांनी कृपया लगेच आईला फोन करू नये. मी तिला सांगितलंय आणि ती अजूनही माझ्याशी बोलते.

तर झालं असं. इकडे ओहायोत ससा किंवा हॅमस्टर विकत मिळावा तसा साप मिळतो. लेक अकरा वर्षांचा. नवऱ्याला केसांची ऍलर्जी, म्हणून कुत्रा-मांजर बाद. वर्षभर हट्ट चालू होता. शेवटी मी अट घातली, की लहान, गरीब स्वभावाचा आणि नवशिक्याला झेपेल असा साप कोणता ते आधी मला पटवून दे. वाटलं, कंटाळेल. पठ्ठ्याने वही भरून आणली!

वहीत तीन नावं होती. पहिला बॉल पायथन. घाबरला की चेंडूसारखं वेटोळं करून डोकं आत लपवतो, सहसा चावत नाही. पण कधीकधी महिनोन्महिने खातच नाही म्हणे. न जेवणारं एक पोर मी वाढवलंय, दुसरं नको. दुसरा केनियन सँड बोआ, आपल्या मांडुळाचा चुलतभाऊ. नर जेमतेम दीड फुटाचा आणि स्वभावाने शांत, पण बहुतेक वेळ स्वतःला गाडून घेतो. "मग पाळलं काय, वाळू?" हे लेकाचं म्हणणं. तिसरा कॉर्न स्नेक. केशरी-तांबूस, बिनविषारी, वाढून तीन ते पाच फूट, पण अंगाने सडपातळ. शेजारी त्याचं दुसरं नाव लिहिलं होतं, रेड रॅट स्नेक.

तिथे मी अडकले. आपल्या धामणीला इंग्रजीत इंडियन रॅट स्नेक म्हणतात.

मी आठ वर्षांची असेन. कोकणात आजोळी गोठ्यात गेले आणि कोपऱ्यात लांबलचक धामण दिसली. मी किंचाळले. माणसं काठ्या घेऊन धावली. धामण म्हशीच्या पायांना विळखा घालून दूध पिते, हे तेव्हा सगळ्यांनाच 'माहीत' होतं. पाच मिनिटांत संपलं सगळं. माझं कौतुक झालं, खोबऱ्याची वडी मिळाली. साप दूध पीत नाहीत आणि धामणीला विष नसतं, हे खूप वर्षांनी कळलं. पलीकडेच भाताची कणगी होती, ती उंदरांमागे आली असणार. मारणाऱ्यांना मी दोष देत नाही. पण ओरडले मी होते.

हे लेकाला सांगितलं नाही. "कॉर्न स्नेक बघू" एवढंच म्हटलं.

सापांच्या प्रदर्शनात गेलो. लेक वहीतले प्रश्न एकेक करून विचारत होता. रानातून धरलेला आहे का पैदाशीतला? (पैदाशीतलाच घ्यावा. रानातला बिथरलेला असतो आणि अंगात जंतही असू शकतात.) गोठवलेले उंदीर नीट खातो का? कात अर्धवट अडकलेली नाही ना? नुकती अंड्यातून निघालेली पिल्लं भित्री असतात, म्हणून आम्ही वर्षभराची मादी निवडली. लेकाने ती हातात घेतली. मग विकणाऱ्या आजीबाई माझ्याकडे वळल्या. "आता तुम्ही घ्या."

मी कशाला? तर म्हणाल्या, हा साप पंधरा-वीस वर्षं जगतो, मुलगा किती वर्षं घरी राहणार? हिशोब सरळ होता. सात वर्षांनी हा कॉलेजला जाईल. म्हणजे नवशिका तो नव्हताच, मी होते.

घेतली. हात थरथरत होते. बुळबुळीत वाटेल असं वाटलं होतं, पण अंग कोरडं, गुळगुळीत. जीभ लवलव करत ती सावकाश माझ्या बाहीत शिरायला लागली. तिला बहुधा फक्त ऊब हवी होती.

आता काचेच्या पेटीत राहते. एका बाजूला २९-३० अंश ऊब, दुसरी बाजू गार, दोन्हीकडे लपायला जागा. झाकणाला क्लिपा, कारण ही जात पळून जाण्यात पटाईत. आठवड्याला एक उंदीर, त्यानंतर दोन दिवस हात लावायचा नाही. सापाच्या अंगावर साल्मोनेला असू शकतो, म्हणून हाताळल्यावर साबणाने हात धुवायचे आणि स्वयंपाकघरात तिला प्रवेश नाही. उंदरांसाठी गॅरेजमध्ये वेगळा छोटा फ्रीझर घेतला. माझ्या ओल्या नारळाशेजारी ते चालणार नव्हते!

भाच्यांनो, तुम्ही लगेच मागे लागू नका. भारतात आपले साप पाळायला १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे, आणि ते बरंच आहे. तिथले साप शेतात आणि रानातच शोभतात.

आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "अगं, दूध देतेस ना तिला?"

"नाही गं, सापाला दूध पचत नाही. पाणी पितात फक्त."

बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मग ती आपल्या गोठ्यातली?"

"उंदरांसाठी आली असणार, आई."

"हं." पुन्हा गप्प. मग म्हणाली, "थंडी फार असते ना तुमच्याकडे? ऊब कमी पडू देऊ नकोस तिला."

लेकाने नाव ठेवलंय केशर. मी मनातल्या मनात धामणबाई म्हणते.

असो. उद्या जेवणाचा दिवस आहे तिचा, उंदीर काढून ठेवायचाय.