ओसनिंगचे टॉयटोबुर्ग कसे झाले?

स्थळनाम हा इतिहासाच्या विद्यार्थ्याचा लाडका पुरावा. राजवटी जातात, भाषा बदलतात, डोंगराचे नाव मात्र टिकते, असे आम्ही गृहीत धरतो. वायव्य जर्मनीतील ‘टॉयटोबुर्गर वाल्ड’ या डोंगररांगेचे नाव नेमके उलट्या वाटेने आले: ग्रंथातून जमिनीवर.

इ.स. ९ मध्ये आर्मिनियसच्या नेतृत्वाखाली जर्मानिक टोळ्यांनी रोमन सेनापती व्हारसच्या तीन लीजन गारद केल्या. सहा वर्षांनी जर्मनिकस तेथे मृतांच्या अस्थी पुरण्यास गेला. तो प्रसंग सांगताना टॅसिटस ‘साल्टुस टॉयटोबुर्गिएन्सिस’ असा उल्लेख करतो. प्राचीन वाङ्मयात हे नाव एवढ्या एकाच ठिकाणी आढळते. ‘टॉयटो’चे नाते ‘लोक’ या अर्थाच्या जुन्या जर्मानिक शब्दाशी जोडले जाते. ‘डॉइच’ हा शब्दही त्याच कुळातला. ‘साल्टुस’ मात्र निसरडा: रानही आणि खिंडही!

आज ज्या रांगेला हे नाव आहे, तिला मध्ययुगात ओसनिंग म्हणत. ७८३ मध्ये शार्लमेन तेथे सॅक्सनांशी लढला. त्याचा चरित्रकार आइनहार्ड डोंगराचे नाव ‘ओस्नेगी’ असेच देतो. पुढे टॅसिटसचे हस्तलिखित उजेडात आले, १५१५ मध्ये छापले गेले आणि विद्वान रणभूमी शोधू लागले. पाडरबॉर्नचे बिशप फेर्डिनांड फॉन फ्युर्स्टेनबेर्ग यांच्या १६६९ च्या ग्रंथाने ओसनिंगवर टॅसिटसचे नाव रुजवण्यात मोठा हातभार लावला.

मग तर्काचे चक्र उलटे फिरू लागले. लढाई येथे झाली असे मानून दिलेले नावच लढाई येथे झाल्याची साक्ष ठरले. १८७५ मध्ये डेटमोल्डजवळ आर्मिनियसचे, जर्मनांच्या ‘हेरमान’चे, सुमारे ५३ मीटर उंच स्मारक पूर्ण झाले; नव्या साम्राज्याला असा पूर्वज हवाच होता. रोमन नाणी आणि गोफणीचे शिशाचे गोळे मात्र १९८७ पासून सापडू लागले ते काल्क्रीजला, दुसऱ्याच टेकड्यांच्या पायथ्याशी. अनेक अभ्यासक रणभूमी तेथेच मानतात. मलाही तो पक्ष बळकट वाटतो, जरी वाद मिटलेला नाही.

म्हणून कोणी स्थळनाम पुराव्यादाखल पुढे केले, की मी आधी त्याची सर्वांत जुनी नोंद विचारतो. बाकी ओसनिंग अगदीच पुसले गेले नाही. भूगर्भशास्त्रज्ञ तेथील खडकांच्या प्रस्तरभंगाला आजही त्याच नावाने ओळखतात.