हलणारा बुक्का

नागपंचमीस आता जिवंत नाग घेऊन कोणी दारी येत नाही. 1972 साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. नाग, धामण इत्यादि देशी साप पकडणे व बाळगणे हा गुन्हा ठरला, आणि गारुड्यांच्या टोपल्या हळूहळू दिसेनाशा झाल्या. आमच्या घरी पाटावर चंदनाने नाग रेखाटून त्यास दूर्वा-लाह्या वाहतात. तथापि मुले पाटाभोवती जमली की मला एक जुना नाग आठवतो, आणि त्याबरोबर थोडी लाजही वाटते. ती लाज कशाची, हे एकदा मोकळेपणाने सांगून टाकावे असे वाटते.

गोष्ट कायद्याच्या आधीची. आमचे बिऱ्हाड तेव्हा नगर जिल्ह्यात नेवाशास होते आणि मी आठ-नऊ वर्षांचा होतो. नागपंचमीस एक गारुडी आमच्या ओसरीवर येऊन बसे. त्या वर्षी त्याचा नाग पुंगीकडे लक्षच देईना. आजीने पाण्याची परात पुढे ठेवताच तो तीत शिरला आणि हनुवटी तेवढी काठावर टेकून निपचित पडून राहिला. गारुड्याने बाहेर काढावा, त्याने पुन्हा आत शिरावे, असे तीन-चार वेळा झाले. आजीने हात जोडले. ती म्हणाली, "शंकराच्या गळ्यातला तो. अभिषेकाची आवड जायची कुठे?" थोड्या वेळाने पाण्यावर बारीक काळे कण दिसू लागले. देवाच्या अंगचा बुक्का म्हणून बायकांनी ते बोटाने टिपून कपाळी लावले. मी परातीवर ओणवा होऊन पाहत होतो. मी म्हणालो, "आजी, हा बुक्का चालतो गं!"

"गप रे! देवाच्या ठिकाणी असे बोलू नये," म्हणून तिने पाठीत एक धपाटा घातला. मी गप्प बसलो.

पुढे मी शिक्षक झालो. संस्कृताच्या तासाला सर्पवाचक शब्द आले की मी त्या अभिषेकप्रिय नागाची हकीकत रंगवून सांगत असे. तीस वर्षे सांगितली. चालणारा बुक्का मात्र दर वेळी गाळला.

गतवर्षी मुलाकडे अमेरिकेत पाच महिने राहण्याचा योग आला. माझ्या बारा वर्षांच्या नातवाने तेथे एक अजगर पाळला आहे. तिकडे अनेक ठिकाणी अशी मुभा आहे. हा आफ्रिकेतील बॉल पायथन जातीचा, हाताएवढ्या जाडीचा व स्वभावाने इतका भित्रा की भ्याला म्हणजे अंगाचा चेंडू करून डोके आत लपवतो. त्याच्यासाठी बर्फात गोठवलेले उंदीर घरात ठेवलेले पाहून पहिले चार दिवस मला अन्न गोड लागले नाही. पण नातवाची माया पाहून मी बोललो नाही.

एके दिवशी अजगर पाण्याच्या भांड्यात जाऊन बसला तो दोन दिवस बाहेर येईना. मी नातवास नेवाशाच्या नागाची गोष्ट सांगितली. त्याने ती शेवटपर्यंत ऐकली, मग भांडे उजेडाकडे सरकवून म्हणाला, "आजोबा, तुमच्या नागाच्या पाण्यावरही हे असे काळे ठिपके होते का? बघा, हलताहेत." मी चष्मा लावून पाहिले. तोच बुक्का होता.

पशुवैद्याने मग सारे समजावून सांगितले. हा जीव गोचिडीच्या कुळातला, पण खसखशीच्या दाण्याएवढा. तो सापाच्या खवल्यांखाली शिरून रक्त पितो. सापास पापण्या नसतात. डोळ्यावर काचेसारखा पारदर्शक खवला असतो, आणि त्याच्या कडेच्या खाचेत हे किडे दाटी करतात. ज्यास आपल्या कोशकारांनी 'चक्षुःश्रवा' म्हटले, त्याचा डोळाच असा वेढला जातो! साप पाण्यात बसतो तो त्यांना बुडवण्यासाठी. अंगावरचे पुष्कळसे बुडतात, डोक्यावरचे मात्र राहतात. किडे फार झाले की रक्त आटते, अन्न सुटते, कात नीट निघत नाही, आणि अखेर जीवही जातो. तक्षक कृमिरूपाने फळात शिरला व त्याने परीक्षितीस मारले, हे आपण ऐकत आलो. येथे कृमीच तक्षकास मारतो.

मी आमच्याकडचा उपाय सुचवला : गुरांच्या गोचिडींस लावतात तसे घासलेट लावावे. वैद्य हसले नाहीत, पण साफ नको म्हणाले, कारण त्याने किड्याआधी सापच मरेल. औषध नेमके मापाने द्यावे लागते. आयव्हरमेक्टिन हे औषध सापास वैद्याच्या हातून देता येते, पण तेच कासवास प्राणघातक ठरते. शिवाय खरी अडचण सापाच्या अंगावर नसते, घरात असते. मादी अंगावरून उतरून फटींत अंडी घालते. एक मादी 60 ते 80 घालते. उबेत दोन-अडीच आठवड्यांत नवी पिढी रक्त पिण्यास सिद्ध होते. औषधाने किडे मेले तरी अंडी उरतात, म्हणून एकदा उपाय करून भागत नाही.

मग आम्ही दोघे कामास लागलो. पेटीतला भुसा व लाकडाची ढोली फेकून दिली, पेटी कढत पाण्याने घासून काढली, सांधे पुसले, आणि तळाशी साधा पांढरा कागद अंथरला. कागदावर काळा कण चटकन दिसतो. तो कागद रोज बदलावयाचा, अजगरास कोमट पाण्याने न्हाऊ घालावयाचे, नंतर हात व कपडे धुवावयाचे. कारण हे किडे माणसाच्या हातांवरून दुसऱ्या सापाकडे जातात व प्रसंगी माणसासही चावतात. सहाव्या आठवड्यात सलग आठ दिवस कागद स्वच्छ राहिला. त्यानंतर अजगराने भक्ष्य घेतले, तेव्हा नातवाच्या डोळ्यांत पाणी आले. नवा साप आणल्यास तो दोन-तीन महिने निराळा ठेवावा, असे वैद्यांनी बजावले.

त्या रात्री मला नेवाशाची टोपली आठवली. वेताची, शेणाने सारवलेली, फटीफटींची. किड्यांना याहून सोयीचे घर कोणते? त्या नागाचे दात काढलेले असावेत, आणि तो उपाशी असावा. आम्ही पुढे केलेले दूध तो प्याला असेल तर तहानेने. दूध सापाचे अन्न नव्हे. तो पाण्यात सुटका शोधत होता, आणि आम्ही त्याच्या यातनेची पूजा करून तिचा टिळा लावला. आजीचा दोष नाही. तिने तो बुक्का हलताना पाहिलाच नाही. मी पाहिला होता.

यंदा नागपंचमीस पाटाभोवती बसलेल्या मुलांना ही गोष्ट मी प्रथमच पुरी सांगितली. माझ्या धाकट्या भावाच्या नातीने विचारले, "मग मोठे झाल्यावर तरी तुम्ही शाळेत खरे का नाही सांगितले?"

मी तिला म्हटले, "चुकले माझे." आणखी काही उत्तर मजपाशी नव्हते.